चमचा का रुसला?

डिशवॉशर आला, भांड्यांचं टेन्शन गेलं, पण चमच्यांवर डाग पडायला लागले! दोष कुणाचा? मशिनचा, पाण्याचा, की आपलाच?

शनिवार. पहाटेचे पावणेपाच. लेकीला पाजायला बायको उठली, म्हणून मीही उठलो. पाणी प्यायला किचनमध्ये गेलो आणि सवयीने डिशवॉशरचं दार उघडलं. मंडळी, झोप खाडकन उडाली!

चमच्यांच्या बास्केटमध्ये, स्टीलच्या दहा-बारा चमच्यांच्या गर्दीत एक छोटासा चमचा उभा होता. रात्री आत टाकला तेव्हा तो चांदीचा होता. आता? दांडा काळपट, मध्येच पिवळसर झाक आणि खोलगट भागावर काळे ठिपके.

हा चमचा साधासुधा नाही. आजीने तिच्या पहिल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या उष्टावणासाठी तो घेतला होता. बाबांनी पहिली खीर त्यानेच खाल्ली. मग काकाने, मग आत्याने आणि मग मी. बाबा आज नाहीत. रविवारी माझ्या लेकीचं उष्टावण होतं. तिला सातवा महिना लागलेला, तिचा मामा ठाण्याहून यायचा होता. त्यासाठी आई शुक्रवारी रात्री नाशिकहून मलमलच्या फडक्यात गुंडाळून हा चमचा घेऊन आली. ओट्यावर ठेवला, "उद्या घासून ठेवू" म्हणाली आणि प्रवासाने दमून झोपायला गेली.

आणि मी? तिचा हायटेक सुपुत्र! म्हटलं, आई कशाला घासत बसेल? अंडाभुर्जीच्या ताटल्यांबरोबर तोही मशिनमध्ये टाकला. इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम, 70 डिग्री. स्टार्ट!

गंमत म्हणजे, तोवर मी स्वतःला चमच्यांच्या बाबतीत एकदम एक्स्पर्ट समजत होतो. का, ते सांगतो. त्यासाठी जरा रिवाइंड करू.

मावशींचा शेरा

2020 च्या लॉकडाउनमध्ये भांड्यांच्या मावशी येईनाशा झाल्या आणि कित्येक घरांत डिशवॉशरचा विषय पहिल्यांदा निघाला. आमच्याकडे तो निघाला लेकीच्या जन्मानंतर. बाटल्या, वाट्या, पातेली, पाहुण्यांचे कप... सिंक रिकामं म्हणून दिसेना. शेवटी ईएमआयवर मशीन आणलं. आधी भांडी घासणाऱ्या मावशींना आम्ही पोळ्यांचं काम दिलं. (हो, पगार तेवढाच ठेवला. नाहीतर मशीन आणलं मी आणि किंमत मोजली मावशींनी, असं झालं असतं.)

पंधरा दिवसांनी मावशींनी पोळ्या लाटता लाटता शेरा मारला, "दादा, ताटं बरी निघतात तुमच्या मशिनला. चमचे काही जमत नाहीत वाटतं."

बघितलं तर खरंच! चमच्यांवर पांढरे ठिपके. सुऱ्यांवर तपकिरी डाग. एका काट्यावर तर तेलाच्या थेंबात दिसतात तसे निळे-जांभळे रंग. आता मावशींपुढे मशिनची लाज राखायची तर अभ्यास करणं आलं. मॅन्युअल काढलं. इंजिनीअर माणूस मॅन्युअल शेवटी वाचतो, हे तुम्हाला माहीतच आहे!

अभ्यासातून एक फंडा एकदम क्लिअर झाला. चमच्यावरचा डाग म्हणजे मळ असेलच असं नाही. बहुतेक वेळा चमचा स्वच्छ धुतलेला असतो. डाग धुताना नाहीतर धुतल्यानंतर पडतो. म्हणून आणखी पावडर ओतून आणि आणखी गरम पाणी सोडून उपयोग नाही. आधी डागाचा रंग बघायचा. रंग कारण सांगतो आणि कारण कळलं की औषध सोपं असतं.

पांढरा डाग : हे पाण्याचं काम

शाळेत सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो, आठवतंय? परीक्षेनंतर आपण ते विसरलो, डिशवॉशर मात्र विसरत नाही. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. चमच्यावरचा थेंब वाळतो, पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. गीझरच्या कॉइलवर आणि किटलीच्या तळाला जो पांढरा थर धरतो, त्याच जातीचा हा ठिपका.

आमचं घर पुण्याच्या कडेला. सोसायटीत खडकवासल्याचं पालिकेचं पाणी येतं, ते कमी पडलं की टँकर आणि बोअर. धरणाचं पाणी तुलनेने हलकं असतं. बोअरचं पाणी इथल्या काळ्या बेसॉल्ट खडकातून झिरपत येतं आणि वाटेत क्षार घेऊन येतं. म्हणजे सोमवारी चकाचक निघालेले चमचे गुरुवारी ठिपकेदार निघाले, तर मशिनवर डाफरण्याआधी वॉचमनला विचारा, "टँकर आला होता का?"

पिण्यायोग्य पाणी म्हणजे चमच्यांना योग्य पाणी असंही नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 10500 या मानकात पाण्याच्या जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. मी जडपणा मोजायच्या पट्ट्या आणल्या. टँकरच्या दिवशी पट्टीचा रंग 400 च्या खणाशी जुळला! (आणि हो, आरओवाल्याचा टीडीएस मीटर इथे कामाचा नाही. तो पाण्यात एकूण किती विरघळलंय याचा अंदाज देतो. जडपणा किती, ते सांगत नाही.)

यावर मशिनमध्येच सोय असते. तळाशी रेझिनचे बारीक मणी भरलेला एक कप्पा असतो. हे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले की त्यांना पुन्हा ताजंतवानं करतं ते डिशवॉशरचं जाडं मीठ. मीठ भांडी घासत नाही, ते पाणी हलकं ठेवायला मदत करतं. मी काय केलं होतं? पहिल्या दिवशी मीठ भरलं आणि जडपणाचं सेटिंग फॅक्टरीतून आलं तसंच ठेवलं. पट्टीप्रमाणे सेटिंग वाढवलं आणि निम्मे ठिपके आठवड्यात गायब! पण स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त बारीक मीठ इथे टाकू नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं त्या कप्प्याला त्रास देतात. 'ऑल-इन-वन' टॅब्लेटमध्येही पाणी हलकं करणारी द्रव्यं असतात, पण टँकरच्या फार जड पाण्यापुढे ती अपुरी पडू शकतात.

उरलेले निम्मे ठिपके रिन्स एडने घालवले. शेवटच्या धुण्यात हा द्रव पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. मग पाणी थेंब धरून बसत नाही, पातळ पडदा होऊन घसरून जातं. थेंब नाही तर ठिपका नाही. सिंपल!

आधीच पडलेल्या डागांचं काय? पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी मिसळा किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्व पाण्यात विरघळवा. चमचे पाच-दहा मिनिटं बुडवा, धुवा, लगेच पुसा. निळी-जांभळी झाकसुद्धा बहुतेक वेळा यानेच जाते. मात्र डाग व्हिनेगरनेही हलला नाही, तर तो क्षार नाही. पुढचा रंग बघा.

तपकिरी डाग : फोडणीच्या पळीची करामत

आता तुम्ही म्हणाल, स्टेनलेस स्टीलला गंज कसा चढेल? त्याच्या नावाचा अर्थच डागरहित! हे स्टील 1913 मध्ये इंग्लंडच्या शेफिल्ड गावात हॅरी ब्रिअर्लीने बनवलं. तो शोधत होता बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ धातू आणि त्याचं सोनं झालं ते सुऱ्या-चमच्यांच्या धंद्यात. या स्टीलमधल्या क्रोमियममुळे त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, न दिसणारा थर तयार होतो. तोच त्याचं चिलखत. पण हे चिलखत अभेद्य नाही. मीठ, आंबट रस आणि तासन् तास ओलावा मिळाला की त्याला भोक पडू शकतं.

तुमच्या चमच्याचं चिलखत किती दमदार, ते ओळखायची युक्ती आहे. चमच्याची पाठ बघा. 18/8 किंवा 18/10 असा शिक्का असेल तर त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 ते 10 टक्के निकेल आहे. झक्कास! 18/0 म्हणजे निकेल जवळजवळ नाही. तो गंजाला लवकर बळी पडतो. शिक्काच नसेल तर फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा. घट्ट चिकटलं तर निकेल नसलेलं स्टील असण्याची शक्यता जास्त. सुरीचं पातं तर मुद्दामच वेगळ्या, कडक स्टीलचं असतं, नाहीतर धार टिकणार नाही. त्यात क्रोमियम कमी, कार्बन जास्त. म्हणूनच चमचे शाबूत राहिले तरी सुऱ्यांवर आधी डाग येतात.

पण आमच्याकडे 18/8 चे चमचेसुद्धा तपकिरी झाले होते. खलनायक कोण? फोडणीची लोखंडी पळी! मी ती बिनधास्त वरच्या रॅकमध्ये अडकवायचो. लोखंड गंजतं, गंजाचे बारीक कण पाण्याबरोबर मशीनभर फिरतात आणि चमच्यांवर जाऊन बसतात. चमचा स्वतः गंजलेला नसतोच, दुसऱ्याचा गंज त्याच्या अंगावर उडालेला असतो. म्हणजे करणारी पळी आणि नाव चमच्याचं! मऊ कापडावर खाण्याचा सोडा घेऊन घासलं की हे डाग निघाले. पळी मशिनमधून हद्दपार झाली आणि डाग परत आले नाहीत.

दुसरा गुन्हेगार पुन्हा मीच. मीठ भरताना आत सांडायचं, मी तसंच ठेवून झोपायचो. खारट पाणी रात्रभर स्टीलवर बसलं तर काय होणार? तेव्हापासून मीठ भरायचं ते मशीन लावायच्या अगदी आधी. झाकण घट्ट, सांडलेलं पुसून स्वच्छ आणि लगेच स्टार्ट.

चमच्यांनाही स्पेस हवी!

डिशवॉशरची कल्पना अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी प्रत्यक्षात आणली. घरातली महागडी चिनी मातीची भांडी घासताना नोकरांकडून त्यांचे टवके उडायचे, म्हणून त्यांनी स्वतःच यंत्र बनवलं. 28 डिसेंबर 1886 ला पेटंट मिळालं आणि 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिलं. भांडी तारेच्या कप्प्यांत उभी करायची आणि त्यांच्यावर पाण्याचा मारा करायचा, हे तत्त्व आजही तेच आहे.

यातली मेख ध्यानात घ्या. मशिनमध्ये काहीच घासलं जात नाही. जिथे पाण्याचा झोत पोचतो तेवढंच धुतलं जातं. दोन चमचे एकमेकांच्या कुशीत शिरले, तर आतल्या चमच्याला आंघोळच नाही! म्हणून बास्केटमध्ये एक चमचा तोंड वर, दुसरा तोंड खाली. मध्ये एखादा काटा. एका खणात गर्दी नको. वर चपटा ट्रे असेल तर आणखी छान, तिथे प्रत्येकाला स्वतंत्र खोली.

चटकन टिप्स

• खरकटं काढा, पण चमचे आधी घासून ठेवू नका. डिटर्जंटमधली एन्झाइम्स वरण-भाताचे कण सोडवतात, त्यांचं काम त्यांना करू द्या.

• लोणचं, चिंच, मीठ लागलेला चमचा रात्रभर तसाच पडणार असेल तर मात्र खळखळून ठेवा.

• धारदार सुऱ्यांचं टोक खाली. त्या हाताने धुतल्या तर आणखी उत्तम, धार जास्त टिकते.

• प्रोग्रॅम संपला की दार थोडं उघडा, वाफ जाऊ द्या. सुऱ्या आणि 18/0 चे चमचे लगेच कोरडे पुसा.

• आधी खालचा रॅक रिकामा करा, म्हणजे वरचं पाणी धुतलेल्या चमच्यांवर ठिबकणार नाही.

• फिल्टर आठवड्यातून एकदा धुवा. तो तुंबला की घाण पाणीच फिरत राहतं.

• लोखंड, तांबं, पितळ, अॅल्युमिनियम आणि लाकडी दांड्याचे चमचे आत नकोत. अॅल्युमिनियम काळं पडतं, लाकूड तडकतं.

• हळदीने पिवळा झालेला प्लास्टिकचा किंवा सिलिकॉनचा चमचा? दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

हे सगळं मी शिकलो, ऑफिसच्या लंच टेबलवर चार जणांना शिकवलंही. मावशींनी "आता बरे निघतात" असं सर्टिफिकेट दिलं. आणि या टिप्समध्ये चांदी हा शब्द कुठे आहे? नाहीच! चांदीची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ती आली थेट त्या शनिवारी पहाटे.

काळा डाग

पहाटेचे पाच. मोबाइलच्या उजेडात चमचा उलटसुलट केला. पांढरा नाही, तपकिरी नाही. काळा. म्हणजे गंधक.

चांदी गंजत नाही, पण गंधकाशी तिचं चटकन जुळतं. दोघांचं मिळून काळं सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. अंड्यात गंधकाची संयुगं असतात, कांद्यातही असतात. म्हणजे भुर्जीच्या ताटल्यांबरोबर मी चांदीला गरम पाण्याने आंघोळ घातली होती. वर आणखी एक चूक. चमचा स्टीलच्या काट्याला टेकून उभा होता. दोन वेगळे धातू गरम, क्षारयुक्त पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात बॅटरीसारखी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊ शकते आणि त्यात चांदीवर डाग उठतात. चांदी आणि स्टील एका खणात ठेवू नका, असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. ते पान मी 'आपल्याकडे कुठे चांदी?' म्हणत उलटलं होतं.

उपायही गंधकातच होता. काचेच्या बाऊलमध्ये तळाला अॅल्युमिनियम फॉइल. त्यावर मोठा चमचाभर खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, वरून कडकडीत गरम पाणी. चांदीचा चमचा फॉइलला टेकेल असा आत सोडला. गंधकाला चांदीपेक्षा अॅल्युमिनियम प्यारं. तो चांदीला सोडून तिकडे जातो आणि चांदी परत चांदी होते. घासताना चांदी थोडी झिजते, इथे ती झिजत नाही. (खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळ्या नक्षीच्या चांदीवर मात्र हा प्रयोग नको.)

पाण्यात बुडबुडे आले. सडक्या अंड्यासारखा हलका वास आला. दांड्याचा काळेपणा उतरायला लागला. माझा जीव जरा भांड्यात पडतोय, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एवढ्या पहाटे काय करतोयस रे?"

आई पाचला उठते, हे मी विसरलो होतो.

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण बाऊलमधल्या चमच्यापुढे सुचलं नाही. "मशिनमध्ये टाकला होता गं. काळा पडला. काढतोय."

ती काही बोलली नाही. बाऊलपाशी येऊन उभी राहिली. दोन मिनिटांनी मी चमचा काढला, धुतला, पुसून तिच्या हातात दिला. लख्ख झाला होता. फक्त खोलगट भागाच्या कडेला, जिथे तो काट्याला टेकला होता, तिथे मोहरीएवढा एक करडा ठिपका उरला. तो अजूनही आहे.

आईने अंगठ्याने तो ठिपका चाचपला. मग चमचा उलटा केला आणि दांड्याच्या टोकाला एक बारीक खाच दाखवली. "ही बघ. तू दात येताना चावलास. तुझे बाबा चिडले होते, सासूबाई म्हणाल्या, राहू दे." जरा वेळ ती चमच्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "पण पुन्हा यात टाकायचा नाही. कोमट पाणी, हलका साबण, लगेच पुसायचा. मलमलमध्ये ठेवायचा, वरून रबर लावायचं नाही. रबराने काळा पडतो."

रबरातही गंधक असतं, हे मी नंतर वाचलं. आईला ते आजीने सांगितलं होतं.

रविवार

मामाच्या मांडीवर बसून लेकीने खीर खाल्ली. पहिला चमचा थुंकून टाकला, दुसरा गिळला, तिसऱ्याला चमचाच पकडून ठेवला. फोटोत ठिपका दिसत नाही. मला मात्र दिसतो.

रात्री पंचवीस माणसांचे चमचे सिंकमध्ये जमले. आई म्हणाली, "बघू तरी कसं लावतात तुझं मशीन." आणि तिने स्वतः बास्केट भरली. सगळे चमचे एका बाजूला, एकावर एक व्यवस्थित रचून, तिच्या डब्यात ठेवते तसे. एकाच्या कुशीत दुसरा, दुसऱ्याच्या कुशीत तिसरा.

मी म्हटलं, "मस्त लावलंस, आई."

ती झोपायला गेल्यावर हळूच दार उघडलं आणि एकेक चमचा सुटा केला. चांदीचा आत नाही ना, हे दोनदा तपासलं आणि मग स्टार्ट दाबलं.